विनंती संपते, मेमरी उरते : वेब सर्व्हरमधील मेमरी लीक या विषयाची प्रस्तावना

वेब सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीत अगदी वेगवेगळ्या लांबीची दोन आयुष्ये एकत्र नांदत असतात. ब्राउझरकडून आलेली एक विनंती, मग ती पान दाखवण्याची असो, तिकीट काढण्याची असो किंवा खात्यातील शिल्लक विचारण्याची असो, बहुधा सेकंदाच्या आतच पुरी होते. परंतु त्या विनंतीला उत्तर देणारी प्रोसेस, म्हणजेच संगणकाच्या मेमरीत प्रत्यक्ष चालू असलेला प्रोग्रॅम, दिवसेंदिवस आणि पुष्कळदा महिनोन्‌महिने अखंड चालत राहावी अशी अपेक्षा असते. प्रत्येक विनंतीसाठी ही प्रोसेस थोडी मेमरी मागून घेते, तीत वापरकर्त्याने पाठवलेली माहिती, डेटाबेसमधून आलेल्या ओळी आणि तयार होत असलेले उत्तर ठेवते, आणि उत्तर पाठवून झाल्यावर ती मेमरी पुन्हा वापरासाठी मोकळी व्हावी, असा सारा हिशोब असतो. हा हिशोब जेव्हा पुरा होत नाही, म्हणजे काम संपून गेलेले असूनही मेमरीची काही जागा प्रोसेसने धरून ठेवलेली राहते आणि दर विनंतीगणिक अशी धरलेली जागा वाढत जाते, तेव्हा त्या दोषाला मेमरी लीक किंवा मेमरीची गळती म्हणतात.

गळतीचे प्रमाण सुरुवातीला इतके किरकोळ असते की विकसकाच्या संगणकावर ते दिसतही नाही. दर विनंतीमागे केवळ दोन किलोबाइट मेमरी अडकून राहते असे धरले आणि सर्व्हरवर सेकंदाला पन्नास विनंत्या येतात असे मानले, तर सेकंदाला शंभर किलोबाइट आणि चोवीस तासांत आठ गिगाबाइटहून अधिक मेमरी निकामी होते. सामान्य क्षमतेच्या सर्व्हरची सारी मेमरी संपवण्यास एवढे पुरेसे आहे. हाच दोष एखाद्या फाइलचे रूपांतर करून थांबणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असता तर त्याची कोणी दखलही घेतली नसती, कारण प्रोसेस संपताच ऑपरेटिंग सिस्टिम तिच्याकडील सर्व मेमरी परत घेते. म्हणून एखादी ओळ गळतीची आहे की निरुपद्रवी, हे त्या ओळीकडे पाहून ठरत नाही. ती ओळ किती काळ जगणाऱ्या प्रोसेसमध्ये आणि किती वेळा चालणार आहे, यावर ते ठरते. मेमरी लीक हा मुळात आयुर्मर्यादेचा प्रश्न आहे, आणि अल्पायुषी वस्तू दीर्घायुषी वस्तूच्या हाती नकळत सोपवली जाणे हे त्याचे सर्वसामान्य रूप आहे, अशी प्रस्तुत ग्रंथाची भूमिका आहे.

सी आणि सी प्लस प्लस या भाषांमध्ये हा प्रश्न उघड स्वरूपात समोर येतो. तेथे मेमरी मागणे आणि परत करणे या दोन्ही क्रिया प्रोग्रॅमरला स्वतः लिहाव्या लागतात, त्यामुळे एखाद्या फंक्शनमध्ये चूक आढळल्याबरोबर मध्येच बाहेर पडणारी वाट लिहिली गेली आणि त्या वाटेवर मेमरी परत करण्याची ओळ राहून गेली, तर त्या जागेचा पत्ताच प्रोग्रॅमकडून हरवतो आणि ती जागा प्रोसेस संपेपर्यंत कोणाच्याही उपयोगाची राहत नाही. नेहमीच्या मार्गावर सर्व काही सुरळीत चालते आणि चुका हाताळण्याच्या, क्वचितच चालणाऱ्या मार्गावर गळती लपून बसते, ही बाब अनुभवी अभियंत्यांना परिचित आहे. तरीही चाचण्या लिहिताना या आडमार्गांकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

या जाचातून सुटका करणारी कल्पना संगणकशास्त्राला फार लवकर सुचली. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेचे विवेचन करणारा जो शोधनिबंध १९६० मध्ये प्रसिद्ध केला, त्यातच न लागणारी मेमरी यंत्राने स्वतः शोधून परत मिळवण्याची रीत मांडलेली होती, आणि पुढे तीच गार्बेज कलेक्शन या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरी रीत सुचवली : प्रत्येक वस्तूकडे किती ठिकाणांहून संदर्भ येतात ते मोजत राहायचे आणि ही संख्या शून्यावर आली की वस्तू मोकळी करायची. जावा, जावास्क्रिप्ट, गो, रुबी या भाषा पहिल्या रीतीच्या निरनिराळ्या सुधारित आवृत्त्यांवर चालतात. पायथनची प्रचलित अंमलबजावणी मुख्यतः दुसऱ्या रीतीवर चालते. परंतु दोन वस्तू एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या तर त्यांच्या संदर्भांची संख्या कधीच शून्यावर येत नाही, म्हणून अशी वर्तुळे शोधणारा वेगळा कलेक्टर तिच्यात २००० साली आलेल्या २.० या आवृत्तीपासून जोडलेला आहे.

गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषेत मेमरी लीक होत नाही, असा समज त्यामुळे पसरला, आणि हा समज आजही अनेक सर्व्हरच्या दुखण्याचे मूळ आहे. कलेक्टर एकच गोष्ट तपासू शकतो : प्रोग्रॅमच्या चालू भागापासून संदर्भ धरून निघाले असता एखाद्या वस्तूपर्यंत पोहोचता येते की नाही. जिच्यापर्यंत पोहोचता येत नाही ती वस्तू निरुपयोगी, हे निश्चित. परंतु जिच्यापर्यंत पोहोचता येते ती पुढे कधी वापरली जाईलच, असे मुळीच नाही, आणि हा दुसरा प्रश्न कोणत्याही यंत्राला सर्व प्रसंगी सोडवता येणार नाही, हे सिद्ध झालेले आहे. जुन्या वाड्यातील एखाद्या खोलीची किल्ली कोणाच्या तरी जुडग्यात आहे तोवर ती खोली रिकामी धरता येत नाही, मग त्या खोलीत यापुढे कोणी पाऊल टाकणार नसले तरी. कलेक्टरची स्थिती नेमकी अशीच असते. म्हणून अशा भाषांमधील गळतीचा शोध हा हरवलेल्या मेमरीचा शोध नसतो. ती किल्ली कोणाच्या जुडग्यात राहिली आहे, याचा तो शोध असतो.

अशी जुडगी वेब सर्व्हरमध्ये पुष्कळ असतात, आणि त्यांतली बहुतेक चांगल्या हेतूने ठेवलेली असतात. डेटाबेसकडे वारंवार जावे लागू नये म्हणून उत्तरे साठवून ठेवणारा कॅशे हे त्यांतील सर्वांत सामान्य उदाहरण होय. ज्या कॅशेला कमाल आकार नाही आणि नोंदी कालबाह्य होण्याची मुदतही नाही, तो कॅशे म्हणजे सौम्य नाव दिलेली गळतीच, असे म्हणण्यास हरकत नाही. पायथनमधील जॅंगो या चौकटीत दोष शोधण्यासाठी असलेला डिबग पर्याय चालू ठेवला तर पाठवलेली प्रत्येक डेटाबेस क्वेरी मेमरीत नोंदवली जाते. विकासाच्या काळात ही सोय मोलाची असते, परंतु पर्याय बंद करायचे राहून गेल्यास तीच सोय सर्व्हरवर मेमरी खात राहत असे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये या नोंदींना मर्यादा घालण्यात आली. नोड.जेएसमध्ये एखादी घटना घडली की अमुक फंक्शन चालवावे, अशी नोंद करता येते आणि अशा फंक्शनला लिसनर म्हणतात; दर विनंतीला नवा लिसनर जोडला गेला आणि काढला गेला नाही, तर तो लिसनर आणि त्याने पकडून ठेवलेली विनंतीची सर्व माहिती कायमची अडकते. एकाच वस्तूवर एकाच घटनेसाठी दहाहून अधिक लिसनर जोडले गेल्यास नोड.जेएस मेमरी लीकच्या शक्यतेचा इशारा छापते, तो याच कारणाने. हा इशारा नाहीसा व्हावा म्हणून मर्यादा वाढवून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. ती निषेधार्ह आहे, कारण मंचाने स्वतःहून दिलेला जवळजवळ एकमेव सुगावा तीमुळे पुसला जातो.

जावाच्या टॉमकॅट सर्व्हरवर दीर्घकाळ गाजलेला प्रकार मात्र थोडे सविस्तर विवेचन मागतो, कारण एक धागा किती मोठा भार ओढून धरू शकतो हे त्यात स्वच्छ दिसते. टॉमकॅटमध्ये एकाच प्रोसेसच्या आत अनेक वेब अ‍ॅप्लिकेशने चालवता येतात, आणि प्रत्येकाचे क्लास, म्हणजे त्याच्या कोडचे मेमरीतील रूप, एका स्वतंत्र क्लासलोडरकडून आणले जातात. अ‍ॅप्लिकेशनची नवी आवृत्ती बसवताना जुना क्लासलोडर सोडून दिला जातो, आणि त्याच्यासह जुने सर्व क्लास मोकळे व्हावेत अशी योजना असते. विनंत्या हाताळणारे थ्रेड, म्हणजे प्रोसेसच्या आत समांतर चालणारे कामाचे प्रवाह, मात्र अ‍ॅप्लिकेशनच्या मालकीचे नसतात. ते टॉमकॅटच्या संचातून येतात आणि अ‍ॅप्लिकेशन गेल्यावरही राहतात. अ‍ॅप्लिकेशनने अशा थ्रेडला चिकटवून ठेवलेली, म्हणजे थ्रेडलोकल, एखादी लहानशी वस्तू काढून घेतली नाही, तर ती वस्तू आपल्या क्लासला धरते, क्लास आपल्या क्लासलोडरला धरतो आणि क्लासलोडर त्या अ‍ॅप्लिकेशनच्या एकूण एक क्लासला धरतो. काही बाइटांच्या एका वस्तूमुळे कित्येक मेगाबाइटांचा जुना कोड असा जिवंत राहतो, आणि नवी आवृत्ती चारदोन वेळा बसवली की क्लाससाठी राखलेला पर्मजेन नावाचा विभाग भरून सर्व्हर कोसळत असे. जावाच्या २०१४ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने पर्मजेन काढून मेटास्पेस आणला, ज्याला मुळात वरची मर्यादा घातलेली नसते; त्यामुळे तो परिचित त्रुटीसंदेश दिसेनासा झाला, पण गळती थांबली नाही, ती फक्त अधिक उशिरा आणि अधिक मोठी होऊन उघडकीस येऊ लागली. टॉमकॅटच्या कर्त्यांनी सहाव्या आणि सातव्या मालिकेत अ‍ॅप्लिकेशन थांबवताना असे अडकलेले धागे शोधून लॉगमध्ये नोंदवण्याची आणि जुने थ्रेड हळूहळू बदलून टाकण्याची सोय केली, हे त्यांचे काम खरोखर उपकारक ठरले.

आयुर्मर्यादेचा हाच विचार सर्व्हरच्या रचनेतच बसवण्याचे प्रयत्न जुने आहेत. अपाचे एचटीटीपीडी या सर्व्हरमध्ये मेमरी एकेका वस्तूसाठी सुटी मागितली जात नाही. प्रत्येक विनंतीसाठी एक पूल, म्हणजे मेमरीचा एक वेगळा साठा, उघडला जातो, त्या विनंतीच्या कामाला लागणारे सर्व काही त्यातून घेतले जाते, आणि विनंती संपताच संपूर्ण पूल एका फटक्यात मोकळा केला जातो. पीएचपीची पारंपरिक कार्यपद्धतीही याच तत्त्वाची आहे : विनंतीच्या शेवटी भाषेचे इंजिन त्या विनंतीत निर्माण झालेले सर्व काही टाकून देते, आणि म्हणूनच मेमरीचा कधीही विचार न करणाऱ्या प्रोग्रॅमरांची एक पिढी पीएचपीवर निर्धास्तपणे वाढली. अलीकडे वेग वाढवण्यासाठी लाराव्हेल ऑक्टेनसारखी साधने वापरून अ‍ॅप्लिकेशन एकदाच मेमरीत चढवले जाते आणि हजारो विनंत्या त्याच प्रोसेसकडून हाताळल्या जातात. अशा वेळी, एखाद्या क्लासच्या स्टॅटिक यादीत दर विनंतीला एक नोंद घालणारा, वर्षानुवर्षे निर्दोष चाललेला कोड, एक अक्षरही न बदलता गळू लागतो. कोड तोच असून परिसराने त्याचे आयुष्य वाढवले, एवढाच फरक येथे घडलेला असतो.

रस्ट या भाषेने २०१५ मध्ये पहिल्या स्थिर आवृत्तीच्या तोंडावर घेतलेला निर्णयही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मोकळ्या झालेल्या मेमरीला पुन्हा हात लावण्याची चूक जी भाषा कंपाइल होतानाच रोखते, तिनेही गळती रोखण्याची हमी देण्याचे नाकारले, कारण संदर्भ मोजणाऱ्या वस्तूंचे वर्तुळ तयार करून गळती घडवता येते, हे त्या सुमारास ठळकपणे पुढे आले होते. गळती ही अनिष्ट असली तरी मेमरीच्या सुरक्षिततेचा भंग नव्हे, अशी भूमिका भाषेने स्वीकारली. भाषा बदलल्याने हा विषय मिटत नाही, याचा याहून प्रामाणिक कबुलीजबाब क्वचितच सापडेल.

गळतीचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात, याचे एक उत्तम नोंदवलेले उदाहरण म्हणजे अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात २२ ऑक्टोबर २०१२ रोजी झालेला बिघाड होय. कंपनीने पुढे प्रसिद्ध केलेल्या निवेदनात घटनाक्रम मोकळेपणाने सांगितला आहे. ग्राहकांच्या डिस्क सांभाळणाऱ्या ईबीएस या सेवेच्या प्रत्येक साठवण सर्व्हरवर एक दुय्यम एजंट चालू असे, आणि देखभालीसाठी लागणारी माहिती काही संकलन सर्व्हरांकडे पाठवणे एवढेच त्याचे काम होते. बिघाडाच्या आधीच्या आठवड्यात असा एक संकलन सर्व्हर हार्डवेअरच्या दोषाने बंद पडला आणि त्याच्या जागी नवा बसवण्यात आला. परंतु पत्त्याचा हा बदल अंतर्गत डीएनएसच्या सर्व सर्व्हरांपर्यंत पोहोचला नाही. त्यामुळे काही साठवण सर्व्हरांवरील एजंट बंद पडलेल्या जुन्या यंत्राशीच संपर्क साधत राहिले, आणि संपर्क न झाल्यास काय करायचे त्या वाटेवर असलेल्या सुप्त दोषामुळे प्रत्येक प्रयत्नाबरोबर थोडी थोडी मेमरी अडकत गेली. ही माहिती काही काळ मिळाली नाही तरी चालेल अशीच त्या सेवेची रचना होती, म्हणून कोठेही धोक्याची घंटा वाजली नाही. साठवण सर्व्हरच्या एकूण मेमरीवर देखरेख होती. परंतु उपलब्ध असलेली सर्व मेमरी ग्राहकांच्या कामासाठी वापरणे हा ईबीएसचा स्वभावच असल्याने एकूण आकड्यावरून गळती ओळखू आली नाही. सोमवारी सकाळी अनेक सर्व्हर जवळजवळ एकाच वेळी गुदमरले, आणि इतक्या सर्व्हरांचा भार उचलण्यास पुरेसे निरोगी सर्व्हर उरले नाहीत. रेडिटसारखी अनेक मोठी संकेतस्थळे त्या दिवशी बंद पडली.

या घटनेतील प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे क्षुल्लक होता. गळती मुख्य सेवेत नव्हतीच. ज्याच्यावाचून ग्राहकांचे काहीही अडत नव्हते अशा एका सोबत्यात ती होती, ती केवळ चुका हाताळण्याच्या मार्गावरच प्रकट होत होती, आणि देखरेख एकूण यंत्राची होती, प्रत्येक प्रोसेसची नव्हती. कंपनीने नंतर जाहीर केलेल्या उपायांत दर प्रोसेसच्या मेमरीवर इशारे लावणे आणि दुय्यम प्रोसेसना मेमरीची मर्यादा घालणे यांचा समावेश होता, यावरून धडा नेमका कोठे पोहोचला ते दिसते. सर्व्हर सांभाळणाऱ्या कोणत्याही चमूने, मग ती पुण्यातील हिंजवडीत रात्रपाळी करणारी असो वा अन्य कोठली, आपल्या मुख्य अ‍ॅप्लिकेशनइतकेच लक्ष लॉग गोळा करणाऱ्या, आकडेवारी पाठवणाऱ्या आणि देखरेख करणाऱ्या लहान प्रोसेसकडेही द्यावे, हा आग्रह या ग्रंथात वारंवार आढळेल.

मेमरी वाढते आहे म्हणून गळती आहेच, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरते, आणि या घाईपोटी अभियंत्यांचे आठवडे वाया जातात. नुकत्याच सुरू झालेल्या सर्व्हरचे कॅशे भरत असतात. गार्बेज कलेक्टर असलेली इंजिने गरज पडेपर्यंत सफाई पुढे ढकलतात, त्यामुळे वापराचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वर जाऊन खाली येतो. अशा आलेखातील शिखरे पाहण्यात अर्थ नसतो. संपूर्ण सफाईनंतर उरलेला तळ तासागणिक वर सरकतो आहे का, एवढेच पाहावयाचे असते. शिवाय विखंडन हा वेगळाच प्रकार आहे : प्रोग्रॅमने मेमरी परत केलेली असते, पण मोकळे तुकडे वापरातील तुकड्यांच्या मध्ये विखुरलेले असल्याने वाटप करणारी यंत्रणा ते ऑपरेटिंग सिस्टिमला परत देऊ शकत नाही. लिनक्सवरील ग्लिबसी अनेक थ्रेडसाठी मेमरीचे अनेक वेगळे विभाग उघडते, ज्यांना अरीना म्हणतात, आणि ६४ बिटांच्या यंत्रावर त्यांची संख्या मुळात दर कोअरमागे आठपर्यंत जाऊ शकते. रुबीच्या अनेक थ्रेड वापरणाऱ्या सर्व्हरांवर गळती समजली गेलेली वाढ अरीनांची संख्या कमी केल्याने किंवा जेसन इव्हान्स यांनी लिहिलेला जेमॅलॉक वापरल्याने पुष्कळ प्रमाणात उतरल्याचे अनेक चमूंना आढळले आहे.

खरी गळती असल्याचे दिसले की शोधाची पायरी येते. सी भाषेच्या प्रोग्रॅमसाठी व्हॅलग्रिंड आणि लीकसॅनिटायझर ही साधने परत न केलेली प्रत्येक जागा कोणत्या ओळीने मागितली ते सांगतात. व्हॅलग्रिंडखाली प्रोग्रॅम कित्येक पटींनी मंदावतो, म्हणून ते चालत्या सेवेवर लावता येत नाही. पायथनच्या ३.४ या आवृत्तीपासून ट्रेसमॅलॉक हे साधन भाषेबरोबरच मिळते. जावा आणि नोड.जेएसमध्ये हीप, म्हणजे चालू वस्तूंचा साठा, ज्या क्षणी जसा असेल तसा फाइलीत उतरवून घेता येतो. एकाच हीपकडे पाहून फारसे उमगत नाही. थोड्या अंतराने घेतलेल्या दोन हीपची तुलना करून कोणत्या प्रकारच्या वस्तूंची संख्या वाढली ते काढायचे आणि मग त्यांतील एका वस्तूपासून मागे मागे जात तिला धरून ठेवणारा दीर्घायुषी मालक गाठायचा, ही रीत अधिक फलदायी आहे. हीपच्या फाइलीत त्या क्षणी मेमरीत असलेली वापरकर्त्यांची माहिती, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही जशाच्या तशा असतात, याकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. अशी फाइल ईमेलने इकडून तिकडे पाठवणे हे गळती शोधताना दुसरी, अधिक घातक गळती घडवण्यासारखे आहे.

प्रोसेस ठरावीक काळाने रीस्टार्ट करण्याचा उपाय अनेकांना कमीपणाचा वाटतो, पण त्याला शास्त्रीय आधार आहे. एटी अँड टी बेल लॅबोरेटरीजमधील संशोधकांनी १९९५ मध्ये सॉफ्टवेअर रिजुव्हेनेशन ही संकल्पना मांडून, दीर्घकाळ चाललेली प्रोसेस कालांतराने खालावते आणि तिला नियोजित वेळी ताजे करणे हे अनियोजित कोसळण्यापेक्षा स्वस्त पडते, असे दाखवले. अपाचेमधील एका चाइल्ड प्रोसेसने किती जोडण्या हाताळून निवृत्त व्हावे हे सांगणारा पर्याय, पीएचपी-एफपीएममधील आणि गुनिकॉर्नमधील कमाल विनंत्यांचे पर्याय, हे सर्व याच विचाराचे आहेत. गुनिकॉर्नमध्ये त्या संख्येत थोडा यदृच्छ फरक ठेवण्याचीही सोय आहे, जेणेकरून सर्व प्रोसेस एकाच क्षणी बंद होऊन सेवा खोळंबू नये. आक्षेप रीस्टार्टला नाही, त्याच्या आडोशाला आहे : दर प्रोसेस निवृत्त होताना तिने किती मेमरी धरली होती याची नोंद ठेवली, तर तोच उपाय रोगाचा आलेखही देतो, आणि नोंद ठेवली नाही तर एखाद्या नव्या आवृत्तीने गळती दहापट केली तरी ते कळावयास मार्ग उरत नाही.

नियोजित निवृत्ती नसली तर शेवटचा निर्णय लिनक्स घेते. मेमरी संपली की कर्नेलमधील ओओएम किलर कोणती प्रोसेस मारावी हे गुणांकनाने ठरवतो, आणि सर्वाधिक मेमरी धरणारी प्रोसेस बहुधा बळी जाते. ती गळणारीच असेल असे नाही, शेजारचा निर्दोष डेटाबेसही असू शकतो. कंटेनरला स्वतःची मर्यादा घातलेली असल्यास आघात त्या कंटेनरपुरता राहतो आणि १३७ हा निर्गमनाचा आकडा मागे उरतो. १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक ९ मिळवून तो बनतो. हा आकडा दिसताच मर्यादा दुप्पट करणे ही सर्वांत सोपी आणि सर्वाधिक आढळणारी प्रतिक्रिया असल्याने, ग्रंथाचे पहिले प्रकरण त्या आकड्यापासूनच सुरू होते आणि तेथून उलट दिशेने, मारल्या गेलेल्या प्रोसेसपासून तिने अखेरची धरून ठेवलेली विनंती कोणती होती इथपर्यंत, वाचकाला घेऊन जाते.